जिभेतले सहा मिलिमीटर

जखम वरून चण्याच्या डाळीएवढी. मग ती सहा मिलिमीटर खोल आहे हे न कापता कळलं कसं?

सुनिधीला हे कोडं पडलं होतं. तिचे आजोबा, भूपाल आरवाडे, मात्र घासाघीस करत होते. सांगलीच्या हळद बाजारातले जुने अडते ते. जिभेचा कर्करोग (पेशींची बेलगाम वाढ) निघाला, तरी सवय जाते होय! त्यांनी रुग्णालयातल्या ध्वनिका नावाच्या यंत्रमानवाच्या हातावर रुमाल टाकला आणि बाजारात गुपचूप भाव ठरवायच्या जुन्या रिवाजाप्रमाणे खालून तिची बोटं दाबली.

"चार मिलिमीटर! चारला मिटवू."

"सहा," ध्वनिका म्हणाली.

"दिसतं तेवढंच कापा, नाहीतर मी चाललो घरी. जीभ गेली तर लिलाव कोण पुकारणार? तू?"

"पण तुला खोली कळली कशी?" सुनिधीने विचारलं.

ध्वनिकेने बोटाएवढी कांडी दाखवली. "हिच्यातून श्राव्यातीत ध्वनी (माणसाला ऐकू न येणारा आवाज) जिभेत जातो. आतल्या थरांवर आदळून थोडा थोडा परततो. जवळून लवकर, खोलवरून उशिरा. त्या वेळेवरून मी चित्र काढते."

"म्हणजे रिकाम्या गोदामात हाक मारल्यासारखं," आजोबा पुटपुटले. "मागची भिंत किती लांब, ते कळतं."

"अगदी तसंच. ही उजळ रेघ जिभेचा पृष्ठभाग. खालचे पट्टे स्नायूंचे. आणि हा गडद डाग, गाठ."

सुनिधीने पडद्यावर बोट फिरवलं. "आजोबा, चारवर थांबलं तर हा खालचा भाग आत राहील की!"

"आणि न मोजता भीतीपोटी जास्त कापलं, तर चांगली जीभ फुकट जाईल," ध्वनिका म्हणाली. "मोजलं, की शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर मुजावरबाई गाठ आणि भोवतीची निरोगी कड, एवढंच काढतील. खोल गाठीचा रोग मानेतही पसरू शकतो, म्हणून मानही तपासतील."

आजोबांनी बराच वेळ तो डाग न्याहाळला. मग रुमाल काढून घेतला.

"सहा. पण एक मिलिमीटरही वर नाही हं!"

"सहा, आणि वर निरोगी कड," ध्वनिका म्हणाली.

"पक्की व्यापारी आहेस!"

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी आजोबा सुनिधीला हळूहळू म्हणाले, "असं यंत्र प्रत्येक तालुक्यात हवं. माझ्यासारखे शहाणे पुष्कळ आहेत. रोग खोल जायच्या आत सापडले पाहिजेत."

'तालुक्यात' म्हणताना जीभ अडखळली. त्यांनी तो शब्द पुन्हा म्हटला. या वेळी 'ल' नीट उमटला.