मागचं वजन

शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. रंग तोच, उंची तीच, अख्खं कुटुंब मावेल एवढं पोटही तेच. फरक होता तो खाली, डोळ्यांना न दिसणारा. एकीत इंजिनाचा जोर नुसता मागच्या चाकांना मिळायचा, दुसरीत चारही चाकांना.

"चारही चाकांचीच घेऊ," नवरा म्हणाला. त्याने दुसऱ्या गाडीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

हिच्या कपाळावर आठी पडली. ही त्याची दुसरी बायको. पहिली बायको घराच्या चढावर अपघातात गेली होती. ओल्या चिखलात त्यांच्या जुन्या गाडीची मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी घसरत मागे येऊन झाडावर आदळली. तो पुढे होता, वाचला. ती मागे बसली होती. पुढे बसलं की तिला गरगरायचं, म्हणून ती नेहमी मागेच बसायची आणि तो आरशात बघून तिच्याशी गप्पा मारायचा. हे सगळं हिला शेजारणीने सांगितलं होतं. तो स्वतः कधी एक अक्षर बोलला नव्हता. बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

घरातले पडदे तिच्या पसंतीचे, कपाटाची मांडणी तिची, थोरल्या मुलीचे डोळे तिचे. आता गाडीही तिच्याच आठवणीने निवडायची?

"आपल्याला काय रोज डोंगर चढायचाय?" ही म्हणाली. "मुलांना शाळेत सोडायचं, बाजारहाट करायचा. मागच्या चाकांची पुरे."

"अगं, आपला चढ..."

"निम्मा डांबरी झालाय आता. तुम्हाला गाडी माझ्यासाठी घ्यायचीय की..." पुढचं हिने गिळलं.

विक्रेता बोलघेवडा होता. नवरा-बायकोची भांडणं त्याच्या रोजच्या पाहण्यातली. "असं करू मॅडम. मागच्या चाकांचीच काढतो, तुमच्याच चढावर नेऊ. चढली तर तुम्ही जिंकलात, नाही चढली तर सर."

संध्याकाळ व्हायला अवकाश होता, पण धुक्याने उजेड गिळून टाकला होता. नवरा चालवत होता, ही त्याच्या शेजारी, विक्रेता मागे. डांबर संपलं, माती लागली, आणि वळणाच्या अलीकडे गाडी अडली. मागची चाकं नुसतीच घोंघावू लागली. जळक्या रबराचा वास आत शिरला. नवऱ्याची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती.

विक्रेता उतरून मागच्या चाकांशी वाकला. "द्या सर, जरा रेस द्या."

गाडी चढायच्या ऐवजी हातभर मागेच घसरली. तो टुणकन बाजूला झाला. "थांबा, थांबा! मागे वजन नाही म्हणून चाक धरत नाही. मी येऊन बसतो."

तो अजून रस्त्याच्या कडेलाच होता. दार उघडल्याचा आवाज आला नाही. पण गाडीची मागची बाजू हलकेच खाली बसली... दमलेलं माणूस सोफ्यावर टेकावं तशी. स्प्रिंग एकदा कुरकुरली. चाकांनी माती धरली आणि गाडी सरसर वर चढून सपाटीवर आली.

हिने मान वळवली. मागची सीट रिकामी होती.

नवरा आरशात बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हिने लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं.

"पोचलो बघ..." तो पुटपुटला.

विक्रेता धापा टाकत वर आला. "मी बसायच्या आधीच निघाली की, सर! मागे कोणाला बसवलं होतंत?" तो हसायला लागला. मग त्याने मागच्या काचेतून आत पाहिलं आणि त्याचं हसू विरलं. "तुम्ही... तुम्ही व्हा पुढे. मी चालत येतो. तेवढेच पाय मोकळे होतील."

"हीच घेऊ," नवरा म्हणाला. "तुझंच खरं."

ही जिंकली होती, पण हिची नजर अजून मागच्या सीटवरच होती. "नको... चारही चाकांची घेऊ."

"आता कशाला? चढते की."

भीती होतीच, पण भीतीहून संताप मोठा होता. मेल्यावरसुद्धा जागा सोडत नाही म्हणजे काय! ही तडक उतरली, मागचं दार उघडून आत शिरली आणि सीटच्या मधोमध बसली. एका बाजूला पर्स ठेवली, दुसऱ्या बाजूला ओढणी पसरली. बोटभर जागा उरू दिली नाही.

"अगं, पुढे ये ना."

"मागे वजन लागतं ना? मग माझंच असू दे. आज, उद्या, रोज."

हिने पट्टा ओढून लावला आणि नजर आरशात रोवली. आता तो बघेल, आपल्याकडे बघेल. शेजारणीने सांगितलं होतं तसा.

त्याने गाडी सुरू केली. आरशात बघितलं नाही.

गाडीची पुढची बाजू हलकेच खाली बसली. जिथून ही उठून आली होती, त्याच बाजूला. नवऱ्याने रिकाम्या सीटकडे मान वळवली.

"पट्टा लाव," तो हळूच म्हणाला.

"लावलाय मी," ही मागून म्हणाली.

पुढून पट्टा सावकाश ओढल्याची सळसळ आली... आणि टक्.