बाईंचं नाव

दिवा राहू दे तसाच, बारीक. जवळ सरका. माझे काका, मुकुंदराव, लश्कर शहरात सरकारी कचेरीत होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बळवंतची ही गोष्ट. त्यानं स्वतः काकांना सांगितलेली.

तारीख तीस ऑक्टोबर छप्पन्न, मंगळवार. दोन दिवसांनी मध्यभारत संपून मध्यप्रदेश होणार होता. दफ्तरांचे गठ्ठे भोपाळसाठी ट्रकवर चढत होते. बळवंतलाही बढती मिळून तिकडेच जायचं होतं. संध्याकाळी साडेसातला तो दाल बाजाराकडे निघाला. काम साधं. विजयाबाईंच्या खोलीतून एक वही आणायची.

विजयाबाई डाळीच्या गोदामावरच्या खोलीत बत्तीस वर्षं गाणं शिकवत होत्या. हमालांच्या पोरी काय, सरदारांच्या सुना काय, सगळ्या एकाच सतरंजीवर. लश्करात गणपती बसले की त्यांच्याच चिजा ऐकू यायच्या. बळवंत आठव्या वर्षी त्यांच्याकडे आला, तिथंच जेवला, तिथंच वाढला. आणि नव्या राज्याच्या शाळांसाठी गाण्याचं पुस्तक निघतंय असं कळल्यावर यानं बाईंच्या साठ चिजा स्वतःच्या नावावर देऊन टाकल्या. बाई काठी टेकत कचेरीत गेल्या. यानं शिपायाला आधीच सांगून ठेवलेलं, म्हातारीला भ्रम झालाय, आत सोडू नकोस. त्या दारातूनच परतल्या. पंधरा दिवसांत गेल्या.

मागं राहिली त्यांच्या हातची चिजांची वही. ती चुलीत गेली की विचारणारं कुणी नव्हतं.

गोदामाचा नवा हमाल खाली बिडी ओढत होता. म्हणाला, "जाइए मास्टरजी, ऊपर गाना चल रहा है।"

आली असेल एखादी पोरगी, म्हणून बळवंत जिना चढला. दाराला बाहेरून कुलूप होतं…

किल्ली त्याच्याच खिशात होती. दार उघडलं. आत मिट्ट काळोख. तानपुरा वाजत होता. सुरात.

"बस," बाई म्हणाल्या.

तो बसला. पाय आपोआप दुमडले.

"गा."

गायला. पुस्तकातली पहिली चीज. संपली, की पुन्हा तीच. पुन्हा. घसा सोलवटला. थांबता येईना.

मग तानपुरा थांबला.

"कुणाची ही? कान धरून सांग, बळवंता. गुरूचं नाव गवई तसंच घेतो."

त्यानं उजव्या कानाची पाळी धरली. तोंड उघडलं. नाव… नाव येईना. बावीस वर्षं रोज ऐकलेलं नाव.

"तूच पुसलंस ना?" आवाज जवळ आला. अगदी कानाशी. "आता शोध."

गार बोटं… त्याच्या बोटांवर.

रात्री दहाला काका कंदील घेऊन त्याला शोधत गेले. तानपुऱ्यावर खोळ होती, नाडी घट्ट बांधलेली. बळवंत भिंतीकडे तोंड करून बसला होता. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

भोपाळला तो गेलाच नाही. वही बाईंच्या भाचीनं, शरयूनं, बाईंच्या नावानं छापून घेतली. बळवंत पुढं सत्तावीस वर्षं जगला. सगळं बोलायचा. तेवढं एक नाव सोडून.

लश्करजवळच्या थाटीपुरात मी त्याला कितीदा पाहिलाय. भर उन्हाळ्यात कानाला मफलर. एकदा वाऱ्यानं सरकला…

उजव्या कानाला पाळी नव्हती. वण नाही, टाका नाही. जन्मतःच नसावी, इतकं गुळगुळीत.