मंजिष्ठी दोरीची गाठ

चालता ट्रॅक्टर थांबवायचा तर त्याच्यासमोर उभं राहावं लागतं. सेनारा ट्रेम्बाथला हे ठाऊक होतं, म्हणून ती उभी राहिली.

तीस एप्रिलची सकाळ होती. समुद्राकाठच्या ट्रेगरिन गावची गल्ली म्हणजे दोन्हीकडे कमरेएवढे दगडी बांध, बांधांवर झुडपं आणि मधून जेमतेम एका वाहनाची वाट. समुद्रावरून भुरभुर येत होती. तिला तिथे कोणी पाऊस म्हणत नाही. काउन्सिलचं गवत कापायचं यंत्र लावलेला ट्रॅक्टर घरघरत आला आणि सेनाराच्या गमबुटांपासून तीन फुटांवर थबकला.

"बाई, बाजूला व्हा," वरून आवाज आला. "मला जेवायच्या आत चौकापर्यंत पोचायचंय."

"विचारलंत का?"

"कुणाला? काउन्सिललाच? त्यांनीच तर पाठवलंय."

"हिला." सेनाराने रस्त्यावर झुकलेल्या एल्डरच्या झाडाकडे बोट दाखवलं. "एल्डरमध्ये म्हातारी राहते. तिला न विचारता फांदी तोडली तर घरात दूध फाटतं."

इंजिन बंद झालं. माणूस खाली उतरला. उंच होता, तिशीचा असावा, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सेनारा क्षणभर हेलावली. झाडासाठी रडणारा काउन्सिलचा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता.

"ॲलर्जी," तो नाक पुसत म्हणाला. "गवताची."

"गवताची ॲलर्जी, आणि काम गवत कापायचं?"

"म्हणून तर कापतो. सूड." मग त्याने टोपी काढली, झाडाकडे वळला आणि खरोखरच विचारलं, "आजी, ही एक फांदी रस्त्यात येतेय. कापू का?" सेनाराकडे पाहत हळूच पुढे म्हणाला, "सही लागते का कुठे?"

"सही नको. थांबायचं. होकार येईपर्यंत."

"आणि होकार कसा येतो?"

"नकार आला नाही, की तो होकार."

"अरे वा. आमच्या काउन्सिलमध्येही हीच पद्धत आहे."

तो थांबला मात्र. टोपी हातात, भुरभुर डोक्यावर, शिंका दाबत चांगली दोन मिनिटं. सेनाराचा आधीचा मित्र विमा कंपनीत होता. तो अशा वेळी हसायचा. हा हसला नाही. सेनाराने ही गोष्ट पाहिली, आणि तिचा काही उपयोग नाही असं मनाशी ठरवून टाकलं.

त्याचं नाव पेरन होतं.

सेनारा आठवड्यातले चार दिवस दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची आणि उरलेला वेळ चेटकीण असायची. ट्रेगरिनच्या चेटूक मंडळात तेरा बायका-पुरुष होते: ऋतूंचे आठ सण, पाल्याचे काढे आणि दर महिन्याला एक सभा, जिच्यात मुख्यतः खुर्च्या कोणी आणायच्या यावर चर्चा होई. मंडळाची थोरली हेस्टर नॅनकॅरो. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त भूगोल शिक्षिका, एक्कावन्न वर्षं थोरली. पुढच्या वर्षी एक मेला, दुपारी बाराला, ती पद सोडणार होती, आणि ते सेनाराला मिळणार हे ठरल्यात जमा होतं. दुसरी उमेदवार ग्लेनिस पास्को. तिच्याकडे एक छापील पत्रक तयार होतं: 'तीन दिवसांत चेटूक, न्याहारीसह.' हे पत्रक कधीही वाटलं जाऊ नये, एवढीच सेनाराची महत्त्वाकांक्षा होती. पण ती फार पक्की होती.

त्याच दुपारी टेकाडावर, दगडांच्या रिंगणात, हातबांधणीची, म्हणजे मंडळाच्या रीतीच्या लग्नाची, तालीम होती. दुसऱ्या दिवशी लंडनचं एक जोडपं वर्ष आणि एक दिवसाची गाठ बांधून घेणार होतं. पण जोडप्याची गाडी वाटेत अडकली.

"तालमीला कोणीही चालतं," हेस्टर म्हणाली. "तो कुंपणापाशी बसून पेस्टी खातोय तो कोण?"

"काउन्सिलचा आहे," सेनारा म्हणाली.

"हात आहेत ना त्याला? बोलाव."

पेरन आला. त्या मांस-बटाट्याच्या करंजीचे हातावरचे कण पँटला पुसून त्याने उजवा हात पुढे केला. सेनाराने आपला त्यात दिला. तो हात गरम होता आणि त्याला कापलेल्या गवताचा वास होता. या दोन्ही गोष्टी तालमीत आवश्यक नव्हत्या. हेस्टरने मंजिष्ठेत रंगवलेली लाल दोरी मनगटांभोवती घेतली. दुकानातली फीत मंडळाला शोभत नाही, असं सांगून सेनाराने ती स्वतः कच्च्या लोकरीची कातली होती.

"चांगल्या दिवसांत आणि वाईट दिवसांत सोबत राहाल?"

"हो," पेरन म्हणाला. तालमीत नाही कोण म्हणतं?

"हो," सेनारा म्हणाली.

मग हेस्टरने टोकं ओढली, आणि रीतीप्रमाणे दोघांनी हात अलगद बाहेर काढून घेतले. दोरी हेस्टरच्या हातात राहिली. तिच्यात एक सुबक, घट्ट गाठ होती.

तालमीत दोरी नुसती वरून ठेवतात. हे मंडळातल्या नवख्यालाही माहीत होतं.

"अरेच्चा," हेस्टर म्हणाली.

"काय झालं?" पेरनने विचारलं.

"तुमचं लग्न झालं," ग्लेनिसने आनंदाने सांगितलं.

"सरकारच्या लेखी नाही," सेनारा घाईघाईने म्हणाली. "पण मंडळाच्या लेखी... हेस्टर, सोडा ना ती."

"वर्ष आणि एक दिवस भरल्याशिवाय गाठीला हात लावता येत नाही, पोरी. पुढच्या वर्षी एक मेला भरेल. तेव्हा दोघांनी मिळून सोडायची. नाहीच सुटली तर चाकू आहे. पण चाकूने कापली, की त्या दोघांची पुन्हा कधी बांधायची नाही. आणि स्वतःची गाठ चालू असताना थोरलीला दुसऱ्यांची बांधता येत नाही, हे तुला मी सांगायला नको."

"म्हणजे एक मेला दुपारी बारापर्यंत ही सुटली नाही—"

"तर पद माझं," ग्लेनिस म्हणाली.

सेनाराने पेरनकडे असं पाहिलं, जसं हरवण्याची शक्यता असलेल्या किल्लीकडे पाहतात. "तुम्ही पुढच्या एक मेला इथे असायला हवं. असणारच आहात. आणि चाकूच बरा. मी धार लावून ठेवते."

"जशी बायकोची आज्ञा," पेरन म्हणाला.

"पुन्हा तसं म्हणायचं नाही."

"पहिलंच भांडण," पेरन हेस्टरला म्हणाला. हेस्टर चष्मा पुसत होती.

रिवाजाप्रमाणे दोरी रिंगणाशेजारच्या विहिरीवर झुकलेल्या हॉथॉर्नच्या काटेरी झाडाला टांगली गेली. आणि सेनाराने पेरनवर नजर ठेवायचं ठरवलं. नजर ठेवायची म्हणजे माणसाला समोर ठेवावं लागतं, म्हणून तिने त्याला प्रत्येक सणाला बोलावलं. यात दुसरा काही हेतू नव्हता. असं तिने सगळ्यांना, कोणी न विचारताच, सांगितलं.

जूनमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, त्याला ओक राजा केलं. त्या दिवशी उन्हाळ्याच्या ओक राजाने हिवाळ्याच्या हॉली राजाकडून हरायचं असतं. हॉली राजा पोस्टमन होता आणि त्याचा गुडघा दुखत होता, त्यामुळे पेरनला हरायला फार कष्ट पडले. सेनाराने त्याच्या डोक्यावरचा पानांचा मुकुट नीट केला. त्याला एवढा वेळ लागत नाही.

ऑगस्टात नव्या गव्हाचा पाव भाजला तेव्हा त्याच्या शिंका थांबल्या होत्या.

"तू दिलेल्या नेटलच्या पाल्याच्या काढ्याचा गुण," तो म्हणाला.

"रोज घेतोस?"

"रोज." थोडा वेळ गेला. "आणि... सोबत केमिस्टकडची गोळीपण. आधी सांगायला हवं होतं."

"पुडीवर मीच लिहिलं होतं, 'गोळीसोबत घ्यावा'. मागची बाजू वाचलीच नाहीस."

"मग काढ्याचा काय उपयोग?"

"गोळी घ्यायची आठवण राहते ना."

तो इतका हसला की पाव हातातून पडला. सेनाराने तो उचलून झटकला, अर्धा त्याला दिला आणि अर्धा खाल्ला. विहिरीकडून परतताना त्यांच्यात कोण कोणाला 'तुम्ही' म्हणत होतं हे आता दोघांनाही आठवत नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटी पितरांचं जेवण होतं. एक पान वाढून त्याच्यापुढची जागा रिकामी ठेवतात आणि ज्याने-त्याने आपल्या माणसाची एखादी वस्तू आणायची असते. पेरनने खिशातून एक दांडी तुटलेला, चिकटपट्टी लावलेला चष्मा काढून पानाशेजारी ठेवला. "आईचा," एवढंच म्हणाला. सेनारा त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिची खुर्ची टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि खुर्च्यांबाबत मंडळ फार कडक आहे, पण त्या दिवशी कोणी काही बोललं नाही.

फेब्रुवारीत, ब्रिजिड देवीच्या मेणबत्त्या लावताना, त्याने सांगितलं.

"मार्चमध्ये काम संपतंय. पुढचं नॉर्थम्बरलंडला मिळालंय."

"ते तर... पार वर, उत्तरेच्या टोकाला आहे."

"पार वर. तिथेही गवत आहे म्हणे."

सेनाराने एक मेणबत्ती तीनदा लावली. ती तिन्ही वेळा पेटलेलीच होती. "एक मेला येशील ना?"

"गाठ सोडायला?"

"गाठ सोडायला."

तो काहीतरी म्हणणार होता... "येईन," म्हणाला, आणि काडेपेटी तिच्या हातातून घेऊन ठेवून दिली.

त्यानंतरचे तीन महिने सेनाराने आपला निश्चय रोज सकाळी तपासला. थोरली व्हायचं. गाठ सोडायची. पत्रक ग्लेनिसकडेच पडून राहू द्यायचं. निश्चय जागच्या जागी होता. फक्त दवाखान्यात ती एका रुग्णाला "नॉर्थम्बरलंडला कोणती तारीख देऊ?" असं विचारून बसली.

एक मे उजाडला. हॉथॉर्न पांढरा फुलला होता. दोरी खाली उतरवली तेव्हा सेनाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वर्षभराच्या पावसावाऱ्याने कच्ची लोकर आटून नमद्यासारखी घट्ट झाली होती. गाठ कुठे सुरू होते आणि कुठे संपते, काही कळत नव्हतं. दुकानातली फीत असती तर एका झटक्यात सुटली असती.

साडेअकरा वाजले. पेरनचा पत्ता नव्हता. त्या रस्त्याला दुपारपर्यंत बस नसते. ग्लेनिस हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन दगडाला टेकून उभी होती.

पावणेबाराला टेकाडाखालून शिंक ऐकू आली.

"स्टेशनपासून चालत आलो," पेरन धापा टाकत म्हणाला. "सात मैल. प्रत्येक बांधावर गवत. कोण कापतं हल्ली इथलं? लाज आणलीय." त्याने दोरी पाहिली, मग दगडावर ठेवलेला चाकू पाहिला. चाकू लखलखत होता. सेनाराने दिलेला शब्द पाळला होता. "बरं. चाकू आहेच. एका क्षणाचं काम."

सेनाराने चाकू उचलला. वर्षभर तिने हा क्षण मनात इतक्यांदा घोळवला होता की हात आपसूक दोरीवर गेला. पातं लोकरीला टेकलं.

आणि तिथेच राहिलं.

"सेनारा," हेस्टर म्हणाली, "दहा मिनिटं आहेत."

सेनाराने चाकू खाली ठेवला. हॉथॉर्नचा एक लांब काटा मोडून घेतला... आधी झाडाला विचारून. मग ओल्या गवतात बसकण मारली आणि गाठीचा एक-एक धागा उकलायला लागली.

"काय करतेस?" पेरनने विचारलं.

"दिसत नाही?"

"बारापर्यंत व्हायचं नाही ते. तुझं पद जाईल."

"जाईल." तिने मान वर केली नाही. "कापलेली पुन्हा बांधता येत नाही. ते मला नकोय."

पेरन मग तिच्यासमोर बसला आणि दोरीचं दुसरं टोक धरलं. "मला वाटत होतं तुला सुटका हवीय म्हणून. रेल्वेत रात्रभर... नाही, दिवसाच होती गाडी, पण वाटत रात्रभर होती... मी ठरवत होतो, चाकू समुद्रात फेकायचा की काय."

"फेकला असतास तर दंड झाला असता. त्याची मूठ हेस्टरच्या आजोबांची आहे."

"सेनारा."

"हं."

"माझी सुटका नकोय मला."

"मग नीट धर," ती म्हणाली. "ढिलं सोडतोयस."

खाली चर्चच्या घड्याळाने बारा ठोके दिले. गाठीचे अजून दोन फेरे शिल्लक होते. ग्लेनिस पुढे झाली. "बारा."

"घड्याळाचे," हेस्टर शांतपणे म्हणाली. "सरकारने उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे केली, सूर्य नाही केला. शिवाय आपण पार पश्चिमेला. वीसेक मिनिटं तेही धर, म्हणजे खरे बारा घड्याळाच्या एक वीसला. मंडळ सूर्यावर चालतं. तुझा भूगोल शाळेपासून कच्चा आहे, ग्लेनिस."

एक वाजून पाच मिनिटांनी गाठ सुटली. दोरी दोघांच्या हातात एक-एक टोक देऊन, वेडीवाकडी, मधेच पिंजलेली पडून राहिली. हेस्टरने डोक्यावरचा फुलांचा मुकुट काढून सेनाराच्या डोक्यावर ठेवला आणि ग्लेनिसच्या हातातला गठ्ठा शेकोटी पेटवायला मागून घेतला.

"पहिला आदेश काय, थोरल्या बाई?" तिने विचारलं.

"स्वतःची गाठ असलेली थोरली दुसऱ्यांची बांधू शकते," सेनारा म्हणाली. "आजपासून."

"तो नियम फार जुना आहे," ग्लेनिस कुरकुरली.

"किती जुना?"

"चौऱ्याहत्तर सालचा, मीच केलेला," हेस्टर म्हणाली. "मंगळवार होता, भुरभुर होती, आणि एका माणसाशी लग्न करायचं मला टाळायचं होतं. काढून टाक."

पेरनने दोरी गुंडाळून सेनाराला दिली. "ही आता चालणार नाही."

"नवी कातीन. या खेपेला तागाची. ऑगस्टपर्यंत होईल."

"मग ऑगस्टात बांधायची?"

"विचारलंस का?"

पेरन उठला. डोळे वाहत होते, गवताने असतील. त्याने टोपी काढली, तिच्यासमोर उभा राहिला आणि सगळ्या मंडळादेखत, सात मैल चालून आलेल्या आवाजात म्हणाला, "सेनारा, बांधू का?"

मग टोपी हातात धरून, शिंका दाबत, तो थांबला.

दोन मिनिटं झाली. नकार आला नाही.