मागे आलेला घोडा

स्पर्धेची ती शेवटची फेरी. जिंकले की संघात जागा पक्की, एवढंच डोक्यात घेऊन मी दुपारी पटासमोर बसले. समोर भूगोलाचे एक शिक्षक होते; सुरुवात नेहमी पुस्तकातल्यासारखी करणारे, सावध गृहस्थ. हॉलमध्ये पंख्यांची घरघर आणि मधूनच घड्याळाचं बटण दाबल्याचा आवाज, बाकी सगळं चिडीचूप.

पहिल्या चाली ठरलेल्या वाटेनं गेल्या. मग सरांनी बाहेर काढलेला घोडा उचलला आणि परत त्याच्या मूळ घरात ठेवला. डावाच्या सुरुवातीला असं कुणी करत नाही. करायचा तो माझा दादा, मला चिडवायला. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

योगायोग असेल, असं मी मनाला समजावलं. पण पुढची एकेक चाल ओळखीची निघाली. दादाच्या आजारपणात वॉर्डमधल्या लोखंडी टेबलावर आम्ही हाच डाव मांडला होता. चाल त्याची होती, तेवढ्यात त्याला धाप लागली आणि नर्सनं पट बाजूला केला. तो डाव तिसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हता.

मी वाट बदलायचं ठरवून हात पुढे केला... आणि तीच जुनी चाल खेळून बसले.

कुठूनसा स्पिरिटचा वास येऊ लागला. सर घामानं डबडबले होते. दादाचा डाव जिथे अडला होता, तिथे आम्ही येऊन पोचलो. तो काय खेळला असता, याचा मी वर्षभर विचार करत होते.

सरांनी वजीर सरळ माझ्या प्याद्याच्या तोंडी दिला. मारला तरी मात, सोडला तरी मात. मला आधी हसू फुटलं, मग अंगावर सरसरून काटा आला. मी हार मानून राजा आडवा केला.

ही सुरुवात कुणी शिकवली, असं मी हळूच विचारलं. त्यांनी मान वर केली नाही.

"मी नाही खेळलो, ताई... मनात दुसरीच चाल असायची. आणि हात..."

पंच निकाल घेऊन गेले. मी उठू लागले, तसे ते कुजबुजले,

"जाऊ नका... तो म्हणतोय, पुन्हा मांड."

दादाला मी कधी नाही म्हटलं नव्हतं. काळी मोहरी लावली. सरांनी दोन्ही हात मांडीवर घट्ट आवळून धरले होते.

मी वर पाहिलं. पांढरी मोहरी लागली होती, आणि वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे आलं होतं.