ओली पुट्टी

शटर अर्धं ओढून घ्या रे, वारा आत येतोय. हं, आता ऐका.

कारखान्यात स्फोट झाला त्या साली गावात एक काच शाबूत राहिली नव्हती. माझं हार्डवेअरचं दुकान असं धो धो चाललं, की गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर द्यायची लाज वाटायची. आमचा काचवाला रोज उजाडायच्या आत दारात हजर. अख्ख्या गावाच्या खिडक्या त्यानेच बसवल्या. राहिली एकच... त्याच्या थोरल्या भावाची.

थोरला कारखान्यात दुसऱ्या पाळीला. गेला तो गेलाच, सापडलासुद्धा नाही. मोठा मिस्कील माणूस! धाकट्याने काच बसवली, की कडेच्या ओल्या पुट्टीत मुद्दाम अंगठा दाबायचा. वर म्हणायचा, "ही माझी सही!" अंगठ्यावर जुन्या जखमेचा आडवा व्रण, तोही उमटायचा. धाकटा ओरडायचा, "दादा, ओली आहे, हात नको लावूस!"

थोरल्याच्या बायकोने, काचवाल्याच्या वहिनीने, त्या खिडकीला पोतं ठोकलेलं. काच म्हटलं की नको. पण जळक्या कारखान्याची राख रोज रात्री गावावर उतरायची आणि तिच्या पोरीचा खोकला काही थांबेना. शेवटी डॉक्टरांनी दम भरला, "खिडकी बंद करा, नाहीतर पोरगी हातची जाईल."

नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार. काचवाला संध्याकाळी पुट्टी न्यायला आला.

"शेठ, ताजी द्या हं. मागची दगड होती."

"तुझ्या डोक्यापेक्षा मऊच होती!"

हसला बिचारा.

पुढचं त्याच्या तोंडून ऐकलं, तसंच सांगतो.

काच बसली. बाहेरून पुट्टी भरून झाली. हात पुसत त्याने विचारलं, "वहिनी, एवढं नको नको का करत होता?"

तिने नव्या काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "भाऊजी, पाळी सुटली की हे काचेवर नखाने टकटक करायचे. मी दार उघडायची. पोतं होतं तोवर... वाजवायला काही नव्हतं."

तो घरी गेलाच नाही. आतच, खिडकीखाली सतरंजी टाकून आडवा झाला.

रात्री साडेबारा. पाळी सुटायची वेळ. पोरगी शांत झोपलेली. कितीतरी दिवसांनी खोकला नाही.

टक.

वहिनी उठून बसली.

टक... टक.

काचेपलीकडे नुसता काळोख. कुणी नाही.

पोरगी झोपेतच बोलली, "आई, बाबा आले. दार उघड ना."

वहिनी उठली. हात कडीवर गेला. काचवाल्याने तो धरला. 

टक.

  त्याच्या तोंडून निघालं ते जन्मभराच्या सवयीचं...

"दादा, ओली आहे. हात नको लावूस."

...

मग काही वाजलं नाही.

सकाळी दार उघडलं. अंगणात राखेचा थर. पाऊल एकही नाही. काचेच्या कोपऱ्यात मात्र, पुट्टीत, अंगठा. त्यावर आडवा व्रण.

माझ्या दुकानची पुट्टी आठवड्यात दगड होते, हे मी छातीठोक सांगतो. पोरगी आता कॉलेजात जाते, एवढी वर्षं झाली. परवा मुद्दाम वाट वाकडी करून गेलो आणि त्या खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं. सगळीकडे दगडासारखी टणक.

त्या ठशावर आलो... तर पुट्टी बोटाला चिकटली.