नुईचं शेवटचं पान

तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण हे माझ्याच हातून घडलंय, यात तिळाएवढंही खोटं नाही.

जपानात, एदो शहरातल्या आसाकुसा भागात आमचं घर. गोवराची साथ आली ते वर्ष.

मी किसाबुरो. पुस्तकांचे लाकडी ठसे कोरतो. माझी धाकटी बहीण नुई त्या पुस्तकांची चित्रं काढायची. साथीत ती गेली. एकोणीस वर्षांची होती हो!

मागे एकच चित्र राहिलं, पुस्तकाचं शेवटचं पान. केस विंचरत बसलेली मुलगी. चेहरा थेट तिचाच.

आमच्या धंद्यात चित्र लाकडावर उपडं चिकटवतात आणि त्यावरूनच कोरतात. ठसा तयार झाला की चित्र संपलं.

आईने ते छातीशी धरलं. "तिच्या हातचं एवढंच उरलंय, किसा. याला सुरी लावलीस तर मला आई म्हणू नकोस."

मग मी शहाणपणा केला. वर पातळ कागद ठेवून हुबेहूब नक्कल काढली आणि ती लाकडावर चिकटवली. खरं चित्र आईच्या पेटीत.

पहिल्या दिवशी कपडे कोरले. संध्याकाळी आईने पेटी उघडली...

चित्रातले कपडे नव्हते. तेवढाच कागद कोरा.

ओल लागली असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी हात कोरले.

हातही गेले.

आता उरले केस आणि चेहरा. ते अवघड, म्हणून आम्ही शेवटी कोरतो. मी हत्यारं गुंडाळून ठेवली. पुस्तक छापणारा ठशासाठी दारात येऊन बोंबलला, त्याला हाकलून दिलं.

पण रोज भर दुपारी नुईच्या रिकाम्या जागेवरून आवाज यायला लागला... दगडावर शाई उगाळल्याचा.

आम्ही वळलो की बंद.

नवव्या दिवशी आईच चित्र घेऊन माझ्याशेजारी बसली. "कोर बाबा," म्हणाली. "तिला पुस्तकात जायचंय. मी कोण अडवणारी?"

मी लाकडात एक केस कोरायचो... आईच्या मांडीवरच्या कागदातला एक केस नाहीसा व्हायचा. जिथे केस होते तिथून ती बोट फिरवत राहिली.

मग चेहरा गेला. मी सुरी टाकून ढसाढसा रडलो.

पुस्तक निघालं. नक्कल माझी होती, पण छापलेली रेघ नुईची आहे. तिचा हात मी ओळखतो. कसं झालं, विचारू नका.

चेहरा गेला त्या दिवशी कोऱ्या कागदाची घडी घालताना आईने एवढंच विचारलं, "तिला दुखलं नसेल ना रे?"