सोसणारा मासा

डॉक्टर दातांचा होता. दवाखान्याच्या मधल्या भिंतीत त्याने काचेची टाकी बसवली ती पेशंटचं मन रमावं म्हणून. बाहेर ताटकळणाऱ्यांना ती एका बाजूने दिसे, आत खुर्चीत आ वासून पडलेल्यांना दुसऱ्या बाजूने. टाकीत एकच मासा होता, केशरी, तळहाताएवढा, चेहरा कायम कुणीतरी फसवल्यासारखा.

पहिली तक्रार केली मावशींनी. मावशी बाहेरच्या टेबलावर बारा वर्षं ठाण मांडून होत्या. तोंडात पूर्ण कवळी, डॉक्टरनेच बसवलेली. पण तोंडाने खमक्या.

"आत ड्रिल सुरू झालं की हा दगडाला चिकटतो," त्या म्हणाल्या. "थरथरतो. सोसतो बिचारा."

"मावशी, माशाला दुखत नाही. त्याच्या मेंदूत दुखण्याची सोयच नाही."

"विचारलंत त्याला?"

डॉक्टरने कानाडोळा केला. पण एकदा गडबडीत तो इंजेक्शन द्यायलाच विसरला आणि थेट दात कोरायला लागला. अर्ध्यावर लक्षात आलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पेशंट मात्र सुस्त पडून होता. "हात फार हलका हो तुमचा," उठताना तो म्हणाला. डॉक्टर खुलला. मग त्याने टाकीकडे पाहिलं. मासा दगडाच्या फटीत तोंड खुपसून पडला होता.

डॉक्टर शास्त्राचा माणूस. त्याने टाकीवर टॉवेल टाकून पाहिला. त्या दिवशी इंजेक्शन घेतलेल्या पेशंटने त्याच्या पोटात लाथ घातली. टॉवेल काढला, तर दुसऱ्या दिवशी एक बाई दाढ निघता निघता घोरायला लागल्या. योगायोग, असं त्याने स्वतःला बजावलं आणि टॉवेल कपाटात ठेवून दिला.

खरी अडचण वेगळीच होती. हा डॉक्टर स्वतः सुईला जाम घाबरायचा. डाव्या बाजूची खालची अक्कलदाढ त्याने तीन वर्षं लवंगेच्या तेलावर ढकलली होती. एका सकाळी गालाचा भोपळा झाला, आणि बायकोने त्याला दवाखाना उघडायच्या आधीच खुर्चीत बसवलं. तीही दातांचीच डॉक्टर, त्यामुळे पळायला वाट नव्हती.

"सुई नको," तो म्हणाला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मासा आहे ना!"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. मावशी दारातच उभ्या होत्या.

"म्हणजे त्याला दुखतं, हे ठाऊक आहे तुम्हाला," त्या म्हणाल्या.

डॉक्टरला लाज वाटली. पण भीती लाजेहून मोठी होती, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. मावशी बाहेर गेल्या. किलकिल्या डोळ्यांनी त्याला दिसलं, की पलीकडे काचेला कपाळ टेकून त्या काहीतरी पुटपुटताहेत.

"ओरडलास तर लगेच सुई," असं बजावून बायकोने चिमटा उचलला.

त्याने खुर्चीचे हात आवळले.

कडकन आवाज झाला.

काहीच दुखलं नाही.

दाढ ट्रेमध्ये पडली. त्याने धीर करून टाकीकडे पाहिलं. मासा थरथरत नव्हता. दगडाला चिकटलाही नव्हता. आरामात दाणे टिपत होता.

डॉक्टरचा जीव भांड्यात पडला. तोंडात कापसाचा बोळा, तरी तो ओरडलाच, "मावशी! बघा, तुमचा मासा मजेत आहे!"



तो बाहेर आला. मावशी टेबलाशी बसल्या होत्या. कवळी वहीवर काढून ठेवलेली, रुमाल तोंडाशी, रुमालाला लाल डाग.

"आ करा," तो म्हणाला.

बारा वर्षं गुळगुळीत असलेली ती हिरडी त्याच्या ओळखीची होती. डाव्या बाजूला, खाली, अगदी मागे, तिच्यात ताजा खड्डा होता.

"आजचा दिवस मी घेते म्हटलं त्याला," मावशी बोबड्या आवाजात म्हणाल्या. "हो म्हणाला."

दाराची बेल वाजली. पहिला पेशंट आला होता. मासा आपला खात राहिला. मावशींनी कवळी रुमालात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली.